उकिरड्याची दैना फिटली

जालन्याच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेवर लोक येता-जाता कचरा टाकतात. ती साफ करून तिथे बाग करायचं घाटतं आहे. पुरुषमंडळींनी हिरवीगार लॉन, पेव्हर ब्लॉक आणि शोभेचे पाम असं ठरवूनही टाकलं आहे, आणि "आम्हा बायकांना काही सुचवायचं असेल तर काय सुचवावं?" असं त्या विचारतात. पत्र वाचून मला हसूच आलं. कारण आमच्याही कॉलनीत गेले दोन महिने नेमकं हेच चाललं आहे. लॉन तीच, पामही तेच!

त्यांना दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक जागा पाहून आले, तिची हकीगत सांगितल्याशिवाय ते उत्तर पटायचं नाही. म्हणून आजचं पान त्या जागेला देते.

आमच्या नणंदबाई मुंबईला शीवला राहतात. त्यांच्याकडे गेलो की राणीचा बाग, गेटवे, चौपाटी हे ठरलेलं. मुलांना आता त्याचा कंटाळा आलेला. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, इथे जवळच धारावीला एक उद्यान आहे, महाराष्ट्र निसर्ग उद्यान. पाळणे नाहीत, भेळ नाही, पण तुम्हाला आवडेल." धारावी म्हटल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तरी आम्ही निघालो.

शीवहून वांद्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे उद्यान आहे. एका अंगाला धारावीची दाटी. दुसऱ्या अंगाला मिठी नदी, आणि नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या टोलेजंग इमारती. या दोहोंच्या मध्ये ३७ एकरांचं रान. आपल्या हिमायत बागेच्या मानाने ही जागा म्हणजे चिमूटभरच म्हणायची. पण फाटकातून आत शिरल्यावर दहा पावलांत रस्त्याचा आवाज कमी होतो, आणि अंगाला गारवा लागतो. मुंबईच्या त्या घामट हवेत हे सुख काय असतं ते तिथे राहणाऱ्यांना विचारा!

आता खरी गोष्ट. ही जागा मुळात कचऱ्याचा डेपो होती. कितीतरी वर्षं मुंबईचा कचरा इथे खाडीकाठी येऊन पडत होता. तो बंद झाल्यावर इथे रान उभं करायची कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गरक्षणाच्या संस्थेने मांडली, आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती अंगावर घेतली. कचऱ्यावर मातीचा थर दिला गेला. १९८३ सालच्या पर्यावरण दिनी पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हातून इथे रोप लागलं. तेव्हा त्यांचं वय होतं ८६. आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. मधली अकरा वर्षं नुसती झाडं जगवण्यात गेली.

हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या सहज म्हणाल्या, "मग, उकिरड्याची दैना बारा वर्षांनीदेखील फिटते, म्हणतात ते काय उगीच?" इतकी नेमकी म्हण इतक्या नेमक्या जागी मी आजवर ऐकली नव्हती.

सालिम अली हे नाव आपल्याला परकं नाही. दिल्ली दरवाजाजवळच्या आपल्या तलावाला त्यांचंच नाव आहे. सकाळी तिथून शाळेला जाताना मला रोज बगळे आणि पाणकोंबड्या दिसतात. आणखी एक धागा आहे. १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सालिम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती, आणि आपला सारा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. या भटकंतीत त्यांच्या पत्नी तेहमिना त्यांच्याबरोबर असत. तंबू, बैलगाड्या, रानातलं जेवणखाण! नवऱ्याचं नाव जगभर झालं, पण त्यामागे अशी एक बाई होती, आणि १९३९ मध्ये ती अकाली गेली. सालिम अलींनी मात्र आपल्या आत्मचरित्रात तिचं ऋण मान्य केलं आहे. एवढं तरी केलं म्हणायचं.

असो. उद्यानाच्या मागच्या अंगाला मिठीचा काठ आहे. खरं सांगायचं तर तिथे वास येतो. पवई आणि विहार तलावांचं ओसंडणारं पाणी घेऊन निघालेली ही नदी माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत निम्म्या मुंबईचं सांडपाणी पोटात घेते. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. पण त्याच काठावर खारफुटीची झाडं उभी आहेत, आणि ती पाहण्यासाठी वास सोसायला हरकत नाही.

आपण कोरड्या मुलखातली माणसं, आपल्याला हा प्रकार नवा. तिवराचं झाड चिखलात उभं असतं आणि त्याच्या भोवती जमिनीतून शेकडो मुळं वर डोकावतात, कुणीतरी चिखलात पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. लोणच्याला आपण मीठ घालतो ते काय म्हणून? त्यात काही वाढू नये म्हणून ना? आणि हे झाड मिठाच्याच पाण्यात वाढतं! आलेलं जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकून देतं. पान उन्हात निरखून पाहिलं तर बारीक कण चमकतात. खारफुटीतलं दुसरं झाड कांदळ. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर लांब होतं, आणि मग खाली चिखलात पडून मूळ धरतं. माझी नणंद म्हणाली, "माहेरी चांगली वाढवून, मग सासरी पाठवायची!" तिसरं चिपी. २०२० मध्ये महाराष्ट्राने याला आपला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. राज्याचं फूल ताम्हण, पक्षी हरियाल, प्राणी शेकरू हे शाळेत आम्ही मुलींकडून घोकून घेतो. त्यात आता ही भर घालायला हवी.

ही झाडं म्हणजे नुसती शोभा नव्हे. भरतीचं पाणी अडवायचं, गाळ धरून ठेवायचा, माशांच्या पिलांना आसरा द्यायचा, ही त्यांची कामं. मुंबईने खाडीकाठी भराव घालून ही झाडं खूप तोडली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास पडतो, यावरून कल्पना करा. त्यात भरती. दोन्ही काठांनी आवळलेल्या मिठीला वाट सापडेना, आणि ती लोकांच्या घरात शिरली. नणंदबाईंच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचं पुरणयंत्रापासून लग्नातल्या शालूपर्यंत सगळं गेलं. माणसं वाचली हेच नशीब. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर कडक बंदी घातली, तिच्यापासून ५० मीटरपर्यंत बांधकामालाही मनाई केली. शहाणपण आलं, पण किंमत मोजून.

पुढे आत झाडीत गेलो, आणि तिथे आमच्या सासूबाईंचा दिवस उजाडला! त्या पैठणकडच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. पण एकेका झाडापाशी थांबून अशा बोलू लागल्या की शाळेची सहल घेऊन आलेल्या एका बाई आपल्या मुलांना घेऊन आमच्याच मागे चालू लागल्या. "हा करंज. याच्या तेलाचा दिवा लावायचे, आणि खरजेला लावायचे. हा उंबर, दत्ताचा. याची फळं फोडून बघ, आत चिलटं असतात. हा पळस, याच्या पत्रावळी. ही रुई, शनिवारी मारुतीला. हा आघाडा."

मला एकदम वाटलं, गणपतीच्या एकवीस पत्री म्हणजे तरी काय? दूर्वा, शमी, बेल, माका, आघाडा, रुई, डोरली, अर्जुन, हादगा, पिंपळ, केवडा. बहुतेक सगळी आपल्या मातीतली. कुणा जुन्या माणसाने पूजेच्या निमित्ताने रानाची यादीच पाठ करून घेतली बायकांकडून. आणि आता आपण काय करतो? औरंगपुऱ्यात नाहीतर गुलमंडीवर पत्रीची जुडी विकत घेतो. त्यात कुठला तरी पाला एकत्र बांधलेला असतो. तो देवाला वाहतो आणि मोकळ्या होतो. मंगळागौरीचंही तेच. वटपौर्णिमेचं तर बोलूच नका. फांदी तोडून कुंडीत खोचून पुजायची ही कुठली रीत, मला तरी समजत नाही.

आणि ही रुई नुसती मारुतीसाठी नाही बरं का! पट्टेरी वाघासारखं नारिंगी-काळं एक फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल. ते आपली अंडी रुईच्या पानावर घालतं, कारण त्याच्या अळीला ते पान चालतं. फुलपाखरांचं असंच असतं. मध कुठल्याही फुलावर पितील, पण बाळंतपणाला ठरलेलं झाड हवं. पानफुटीचं एक, लिंबाचं एक. आपल्या कढीपत्त्यावर कधी कधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा काळा-पांढरा ठिपका असतो, तो निरखून पाहा. ती अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते. आपण घाबरून ती चिमट्याने काढून टाकतो किंवा औषध मारतो. तिला राहू द्या. चार डहाळ्या खाईल, पण तिचं काळं मखमली फुलपाखरू होईल. कढीपत्ता पुन्हा फुटतो, त्याची काळजी नको. औषध मारलेली पानं आमटीत घालण्यापेक्षा अळीने कुरतडलेली बरी, असं माझं मत आहे.

उद्यानात शंभराहून अधिक जातींचे पक्षी नोंदलेले आहेत. आम्हाला खंड्या, दयाळ, भारद्वाज, शिंजीर आणि नदीवर पाणकावळे एवढे दिसले. तांबट दिसला नाही, पण त्याचं टुक-टुक सारखं चालू होतं. तिथल्या इमारतीच्या छतावरचं पावसाचं पाणी तळ्यात साठवतात, तेही पाहण्यासारखं. जायचं असेल तर सकाळी लवकर जावं. अंग झाकेल असे फिक्या मातकट रंगाचे सुती कपडे घालावेत. जरीची साडी आणि भडक ओढणी पाहून पक्षी उडतात. डासांचं मलम विसरू नये आणि पाणी घरून न्यावं. मुलांना आधीच सांगावं की इथे हाका मारायच्या नाहीत. आमच्या धाकट्याला हे सांगूनही जमलं नाही, ते सोडा.

अशा जागेवर बाकीच्यांचा डोळा असतोच. धारावीच्या पुनर्विकासात उद्यानाचं काय होणार, अशी काळजी मुंबईकरांना वाटली. २०२३ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि उद्यान त्या योजनेत नाही असं तिथे सांगण्यात आलं. नणंदबाई म्हणाल्या, "आम्ही अधूनमधून जाऊन बघून येतो, झाडं जागेवर आहेत ना म्हणून." थट्टेत म्हणाल्या, पण अगदीच थट्टा नव्हती.

आता आपल्या गावाकडे येऊ. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, ते दिवस आठवतात? वर्षानुवर्षं आपला कचरा त्यांच्या दारात जात होता, त्यांच्या विहिरी नासत होत्या. ते तरी किती सोसणार? मग शहरभर कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले, कुणी पेटवून दिले, मिटमिट्याला मार्चमध्ये दंगल उसळली. ओला आणि सुका कचरा वेगळा करायचं आपण शिकलो ते तेव्हा, नाइलाजाने. आमच्या कॉलनीची मोकळी जागा उकिरडा झाली तीही त्याच महिन्यांत, आणि गाडी नियमित यायला लागली तरी तो कोपरा सुटला नाही. एकदा एका जागेला उकिरड्याचं नाव पडलं की माणसं सवयीने तिथेच पिशवी भिरकावतात.

तर त्या जागेची बैठक मागच्या रविवारी मारुतीच्या देवळात झाली. एरवी बायका तिथे चहापुरत्या असतात. या वेळी आम्ही सहाजणी सतरंजीवर पुढे जाऊन बसलो. मी आधी एकच प्रश्न विचारला: लॉनला पाणी कुठून आणणार? आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. बायका मध्यरात्री उठून टाक्या भरतात. उन्हाळ्यात टँकरला पैसे मोजतात. आणि त्या पाण्यावर आपण गवत पोसायचं, तेही ज्यावर मुलांना पाय ठेवू द्यायचा नाही असं? खजिनदारांनी टँकरचा हिशेब कागदावर मांडला, आणि लॉन तिथल्या तिथे रद्द झाली. हिशेबासारखं बोलणारं दुसरं काही नाही.

मग हरकती सुरू झाल्या. एक काका म्हणाले, "देशी झाडांची पानं फार गळतात, झाडायचं कुणी?" आमच्यातली एक म्हणाली, "काका, आजवर घरं कोण झाडतंय?" पानांसाठी कोपऱ्यात खड्डा करायचा, त्यातच घराघरांतली भाज्यांची देठं टाकायची, वर्षभरात खत तयार. दुसरे म्हणाले, "साप येतील." साप उंदरांमागे येतात आणि उंदीर उकिरड्यावर येतात. झाडी नीट राखली, कचरा हटवला, तर साप कमीच होतील. तिसरे एक म्हणाले की कोनोकार्पस लावू, दोन वर्षांत भिंतीसारखं वाढतं. नर्सरीवाले हे झाड हल्ली फार खपवतात. ते मूळ अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं आहे. गुजरात सरकारने २०२३ मध्ये ते लावायला बंदी केली आहे. हे कागदावर लिहूनच नेलं होतं, ते वाचून दाखवलं. पामचा निर्णय मात्र पुढे ढकलला आहे. अध्यक्षांच्या मेहुण्याची नर्सरी आहे, तेव्हा तो जरा नाजूक विषय आहे.

जालन्याच्या भगिनीला माझं सांगणं असं. मुंबईची झाडं जशीच्या तशी आणू नका. तिवर आपल्याकडे जगणार नाही, आणि भरपूर पावसात वाढणारी कोकणातली झाडंही आपल्या उन्हाळ्यात तग धरणार नाहीत. मुंबईवाल्यांकडून घ्यायचं ते एवढंच की ज्या जागेला जे मानवतं ते लावावं, आणि धीर धरावा. आपल्याकडे कडुनिंब, करंज, पळस, पांगारा, बहावा, आपटा, शमी, बोर, अंजन ही झाडं खडकाळ जमिनीत आणि कमी पाण्यात उभी राहतात. कन्नडजवळच्या गौताळ्याच्या रानात एक फेरी मारून या, तिथे जे आपोआप वाढलेलं दिसेल तेच आपलं. वड, पिंपळ, उंबर जरूर लावा, पण भिंतीपासून आणि नळाच्या पाइपापासून चांगले लांब. गुलमोहर मादागास्करचा, पण असलेला असेल तर तोडू नका. मला तो वैशाखात आवडतो. नवीन मात्र आपलं लावा.

रोपं विकत घ्यायची गरजच नाही. आता फाल्गुन लागला आहे, पळस फुलला आहे, कामाला लागायची हीच वेळ. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवा, तळाला चार भोकं पाडा, माती आणि जुनं शेणखत भरा. बहाव्याच्या काळ्या शेंगा झाडाखाली पडलेल्या मिळतील. त्याचं बी फार टणक असतं. कडकडीत पाण्यात टाकून ते पाणी आपोआप निवू द्या, रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी पेरा. करंजाच्या शेंगा फोडून बी एक रात्र साध्या पाण्यात भिजवलं तरी पुरे. पळसाच्या चपट्या शेंगा उन्हाळ्यात गळतील, त्या जपून ठेवा आणि पहिल्या पावसाला लावा. लिंबोळी मात्र साठवून चालत नाही. ती आषाढाच्या तोंडी पिकून पडली की गर धुऊन त्याच आठवड्यात पेरायची, नाहीतर उगवत नाही. वड-पिंपळाची रोपं गच्चीच्या फटीत आयतीच आलेली असतात. पावसाळ्यात माती ओली असताना मुळासकट हलकेच काढून घ्या. रोपं दुपारच्या उन्हापासून वाचवा आणि पहिल्याच पावसात लावण्याची घाई करू नका, दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन ओली होऊ द्या. पहिले दोन उन्हाळे धुण्याचं शेवटचं, साबण नसलेलं पाणी आळीपाळीने घातलं तर टँकर लागणार नाही. आमच्या सहाजणींच्या गच्च्यांवर मिळून आज चाळीस पिशव्या आहेत, त्यातल्या अकरा उगवल्या आहेत.

पुढच्या आठवड्यात: उन्हाळी वाळवणं घालताना कुरडया तुटू नयेत म्हणून काय करावं, याबद्दल आलेल्या पत्रांना उत्तरं.